वाचकांचे प्रश्न : काठी, हुक आणि लवणारा डार्ट

भाला नुसत्या हाताने फेकण्याऐवजी हातभर लांबीच्या काठीने मागून ढकलला, की फेकणारा हात तेवढा लांब होतो. काठीच्या मागच्या टोकाला हुक असतो आणि भाल्याच्या शेपटीत बारीक खळगी. हुक खळगीत बसवायचा आणि फेकायचं, इतकीच या अवजाची रचना. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत या काठीला अ‍ॅटलाटल म्हणतात, ऑस्ट्रेलियात वूमेरा. फ्रान्समधल्या कोंब-सोनिएर इथे सापडलेला हुक सुमारे साडेसतरा हजार वर्षांपूर्वीचा आहे. काठीने फेकायचा भाला हाताने फेकायच्या भाल्यापेक्षा बारीक आणि लवचीक असतो. त्याला इथे डार्ट म्हटलं आहे. या वेळचे बरेच प्रश्न त्याच्या लवचीकपणापाशीच येऊन थांबतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मजबूत हवा म्हणून मी 14 मिमी जाडीच्या गोल लाकडी दांड्याचा 2 मीटरचा डार्ट केला. तो दहा-बारा मीटरवरच नाक खाली घालतो, कधी शेपूट उडवत आडवा पडतो. फेकण्यात चूक होते आहे का?

फेकण्यात थोडीफार चूक असेलही, पण मुख्य दोष दांड्याच्या जाडीत आहे. हा डार्ट फार कडक आहे.

फेकताना हात, मनगट आणि काठी फिरतात, त्यामुळे हुक सरळ रेषेत जात नाही. आधी वर चढतो, मग पुढे येत खाली उतरतो. डार्टचं टोक मात्र सगळा वेळ लक्ष्याकडेच रोखलेलं राहायला हवं. शेपूट कमानीत फिरतंय आणि टोक सरळ जातंय, हे एकाच वेळी घडायचं तर मधली काडी लवली पाहिजे. लवली नाही तर शेपूट वर गेलं की टोक खाली जातं, आणि डार्ट काठीवरून सुटण्याआधीच नेम बिघडलेला असतो. लवलेला डार्ट स्प्रिंगसारखी उसळी मारतो आणि त्यातून वेग मिळतो, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. आमचं मत वेगळं आहे. वेगाचा मोठा भाग काठीच्या लांबीतून येतो. लवचीकपणाचं खरं काम दिशा राखण्याचं आहे.

कडकपणा मोजायला साधा वजनकाटा पुरतो. डार्टचं टोक काट्यावर टेकवा (काट्यावर लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे काच फुटणार नाही), डार्ट उभा धरा आणि शेपटीवर तळहाताने सरळ खाली दाबत जा. आकडा वाढत जाईल. मग एका क्षणी काडी बाजूला फुगेल आणि दाब वाढवला तरी आकडा जवळपास तिथेच थांबेल. तो आकडा म्हणजे डार्टचा कडकपणा. 55 ते 60 सेमीच्या काठीसाठी आणि साधारण ताकदीच्या प्रौढ माणसासाठी तो 3 ते 4.5 किलो असावा. मुलांसाठी आणि हलक्या हातासाठी त्याहून कमी.

जाडीचा परिणाम इथे फार तीव्र असतो. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. 12 मिमी जाडीच्या चांगल्या कठीण लाकडाचा 2 मीटरचा डार्ट साधारण 3 किलोवर लवतो, तर तेवढाच लांब 14 मिमीचा साडेपाच किलोच्याही वर जातो. म्हणजे दोन मिलिमीटरमध्ये जवळजवळ दुप्पट. वजनही 150 ग्रॅमच्या आसपास असायचं ते 200 ग्रॅम होतं.

तुमचा दांडा टाकून देऊ नका. पुढचा तिसरा हिस्सा 13 मिमीपर्यंत ठेवा आणि तिथून शेपटीकडे निमुळता करत 9-10 मिमीवर आणा. रंध्याने आधी चौकोनी दांड्यासारखे चार सपाट पट्टे पाडा, मग त्यांच्या कडा मारून आठ, मग सोळा, आणि शेवटी पॉलिश पेपर हातात गुंडाळून गोल करा. सुरुवातीपासूनच गोल तासत गेलात तर एका बाजूने हमखास जास्त जातं आणि डार्ट त्याच दिशेला लवायला लागतो. दर थोड्या तासणीनंतर काट्यावर दाबून बघा. 4 किलोवर थांबा, फेकून बघा, मग पुढचा निर्णय घ्या.

प्रश्न : माझी अडचण उलटी आहे. 215 सेमीचा बांबूचा डार्ट, पुढे 35 ग्रॅमचं धातूचं टोक. हवेत सापासारखा वळवळत जातो आणि वीस मीटरच्या आतच पडतो. काट्यावर 2 किलो दाखवतो.

2 किलो हा आकडा प्रौढ हातासाठी कमीच. त्यातून टोक जड. फेकीच्या सुरुवातीला पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं आणि मागून हुक ढकलत असतो. टोक जितकं जड, तितकी मधली काडी जास्त फुगते. काट्यावरचा आकडा टोकाच्या वजनाने बदलत नाही, पण प्रत्यक्ष फेकीत तोच डार्ट आणखी मऊ वागतो.

आधी जे परत फिरवता येतं ते करा. टोक बदलून 15 ते 20 ग्रॅमचं लावा आणि दहा वेळा फेका. सुधारणा दिसली पण पुरेशी नसली, तरच कापायला घ्या. शेपटीकडून एका वेळी 5 सेमी कापा, कारण बांबू तिकडे सगळ्यात बारीक असतो आणि तिथलं कापलेलं जास्त लागू पडतं. लांबी कमी होते तसा कडकपणा तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 215 चे 190 सेमी केलेत तर 2 किलोचे किमान अडीच होतील, 180 वर आणलेत तर पावणेतीनच्या पुढे. प्रत्येक कापणीनंतर खळगी नव्याने करावी लागते. ते काम किचकट आहे, पण टाळता येत नाही.

मोबाइलवर सेकंदाला 240 चौकटींचं संथ चित्रण करता येत असेल तर ते जरूर वापरा. कॅमेरा बाजूला, फेकणाऱ्यापासून सहा-सात मीटरवर, डार्टच्या उंचीला ठेवा. तीन गोष्टी बघायच्या. हुक लागलेला असताना काडी एकाच मोठ्या कमानीत लवते का? सुटताना टोक लक्ष्याकडे आहे का? आणि सुटल्यावरच्या लाटा दहा-बारा मीटरपर्यंत जवळजवळ शांत होतात का? कमान दिसतच नसेल तर डार्ट कडक आहे. शेपूट इतकं उसळत असेल की काडी इंग्रजी एस अक्षरासारखी दिसेल, तर मऊ. डोळ्यांना हे कधीच नीट दिसत नाही, कारण सगळा प्रकार अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो.

प्रश्न : फेक अर्ध्यावर असतानाच डार्ट हुकवरून निसटतो. खळगी खोल केली तर आता सुटतच नाही, जमिनीत घुसतो. नक्की किती खोल असावी?

शेपूट 9-10 मिमी जाड असेल तर खळगी तोंडाशी 6 मिमी रुंद आणि 4 मिमी खोल, गोलसर वाटीसारखी. म्हणजे भोवती दीड-दोन मिमीची भिंत उरते. हुकचं टोक या वाटीपेक्षा थोडं लहान आणि गुळगुळीत गोल हवं. टोकदार हुक खळगीचा तळ पोखरतो आणि आठवडाभरात तिथे भोक पडतं.

खोलीपेक्षा महत्त्वाची आहे ती खळगीची कड. फेकीच्या सुरुवातीला काठी आणि डार्ट जवळजवळ समांतर असतात. सुटताना काठी उभी झालेली असते आणि डार्ट आडवा, म्हणजे दोघांत काटकोन होतो. तेवढं फिरेपर्यंत हुकने खळगीत सैल राहायला हवं. खळगीच्या भिंती सरळ, विहिरीसारख्या असतील तर हुक फिरताना कडेत अडकतो आणि शेपूट खाली ओढतो. तुमचा डार्ट जमिनीत घुसतो तो याच कारणाने. भिंती तिरक्या करा, कड पॉलिश पेपरने मोडा. मग एक चाचणी घ्या : डार्ट स्थिर धरून काठी हाताने हळूहळू उभी करा. काटकोनापर्यंत कुठेही टणक लागता कामा नये आणि काटकोनाच्या थोडं पुढे हुक आपोआप बाहेर यायला हवा.

आता निसटण्याबद्दल. खळगी ठीक असूनही डार्ट निसटत असेल तर दोन कारणं असतात. एक, हुकची उंची. हुकचं टोक काठीच्या पृष्ठभागापासून 10 ते 15 मिमी वर आणि डार्टच्या रेषेत पुढे रोखलेलं असावं. खाली असेल तर डार्टचं शेपूट काठीवर घासतं आणि उचकटलं जातं. दोन, बोटं. मुठीपाशी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत डार्ट धरतात, उरलेली तीन बोटं काठी धरतात. नवशिका माणूस चेंडू सोडावा तशी चिमूट मध्येच उघडतो आणि हुकवरचा दाब जातो. चिमूट उघडायची नसते, ती हलकी ठेवायची असते. काठी वेगाने फिरू लागली की डार्ट स्वतःच चिमटीतून सरकतो.

शेपटीवर खळगीच्या लगेच पुढे 15-20 मिमी रुंद दोऱ्याचं घट्ट वेटोळं घाला. तात असेल तर उत्तम, नसेल तर मेण लावलेला जाड दोरा आणि वरून सरस. पोकळ बांबूत आधी कठीण लाकडाची 4 सेमीची गुल्ली चिकटवायची आणि खळगी त्या गुल्लीत कोरायची. गुल्ली न घालता केलेला बांबूचा डार्ट पहिल्या जोरदार फेकीत उभा चिरतो.

प्रश्न : काठी जितकी लांब तितकी फेक लांब, हे खरं का? आणि काही जुन्या काठ्यांना दगड बांधलेला असतो, तो वेग वाढवायला का?

काही अंतरापर्यंतच खरं. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतची लांबी घ्या आणि त्यात एक वीत घालून बघा. बहुतेकांना 55 ते 65 सेमी जमते. 80 सेमीची काठी कागदावर जास्त वेग देते, पण तिच्या टोकाशी असलेला डार्ट फिरवायला मनगट पुरत नाही, फेक संथ होते आणि नेम तर जातोच. काठी 100 ते 150 ग्रॅमची, हुकच्या बाजूला हलकी असू द्या.

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या बास्केटमेकर या प्राचीन लोकांच्या काठ्यांना बोटं अडकवायला चामड्याच्या दोन कड्या आणि काही काठ्यांना लहान दगड बांधलेले आढळतात. दगडाने वेग वाढत नाही. जास्तीचं वजन फिरवायला ताकदच जास्त लागते. उपयोग होतो तो नेम धरून उभं राहताना. 190 सेमीचा डार्ट पुढे लोंबतो, आणि काठीच्या मागच्या भागातलं 50-60 ग्रॅम वजन त्याला तोलून धरतं. सावजावर नजर ठेवून मिनिटभर न हलता थांबायचं असेल तर हा आधार मोठा आहे. त्या दगडांच्या हेतूबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हाला तोलाचा मुद्दा सगळ्यात पटतो. लक्ष्यावर सराव करणाऱ्याने दगडाशिवायच सुरुवात करावी.

हुक वेगळा बसवण्यापेक्षा एक जुनी सोय सांगतो : ज्या फांदीला बारीक उपफांदी फुटली आहे अशी फांदी निवडा. जाड फांदीची काठी होते आणि उपफांदी 2 सेमीवर छाटली की तिचाच हुक. लाकडाचे तंतू हुकमध्ये अखंड वळलेले असतात, त्यामुळे तो तुटत नाही. फांदी सावलीत किमान काही आठवडे वाळू द्या आणि दोन्ही कापलेल्या टोकांना मेण लावा, नाहीतर तिथून तडे जातात.

प्रश्न : एकाच बांबूच्या बेटातले चार डार्ट केले, लांबीही एकच. तरी चौघं चार ठिकाणी पडतात.

लांबी सारखी असून भागत नाही. तीन आकडे जुळवायचे : कडकपणा, वजन आणि तोल. संच करायचा तर कडकपणातला फरक 200 ग्रॅमच्या आत आणि एकूण वजनातला 5 ग्रॅमच्या आत ठेवा. चार हवे असतील तर दहा-बारा काड्या घ्याव्या लागतात. त्या काट्यावर दाबून आकडे काडीवरच पेन्सिलीने लिहा आणि जवळजवळचे चार निवडा. निवडीतच निम्मं काम होतं. तासून जुळवायला बसलात तर दिवस जातो आणि बांबूची बाहेरची साल, जिच्यात त्याची खरी ताकद असते, तीच आधी जाते. बांबूची फक्त पेरांवरची उंच कड कानशीने काढा, बाकी सालीला हात लावू नका.

तोल असा बघा : टोक आणि पिसं लावलेला पूर्ण डार्ट एका बोटावर आडवा ठेवा. तोलबिंदू मधोमध न येता टोकाच्या बाजूला, लांबीच्या आठ ते दहा टक्क्यांनी पुढे हवा. 190 सेमीच्या डार्टचा मध्य 95 वर, म्हणून तोल टोकापासून 76 ते 80 सेमीवर. सगळीकडे सारख्या जाडीची 120 ग्रॅमची काडी असेल तर तोल 76 वर आणायला साधारण 30 ग्रॅमचं टोक लागतं. शेपटीकडे निमुळती असेल तर 20 ग्रॅममध्येच काम होतं आणि टोक हलकं राहिल्याने काडी उगाच जास्त लवत नाही. बांबूचा जाड बुडखा पुढे आणि शेंडा मागे ठेवायचा तो यासाठीच. हे उलट केलेलं बऱ्याचदा बघायला मिळतं, आणि असा डार्ट पिसं कितीही मोठी लावली तरी सरळ जात नाही.

प्रत्येक काडीची एक कडक बाजूही असते. डार्ट पाव-पाव फिरवून आडवा दाबून बघा. चारही डार्टची तीच बाजू वर येईल अशी खूण शेपटीवर करा आणि दर वेळी त्या खुणेनेच हुकवर बसवा. तुमचे डार्ट डावी-उजवीकडे पांगत असतील तर कदाचित एवढ्यानेच फरक पडेल.

प्रश्न : काडी सरळ कशी करायची? शेक देताना दोन जळल्या, एक मोडली.

बहुधा काड्या ओल्या होत्या किंवा आच एकाच जागी लागली. काडी पूर्ण वाळलेली हवी. ज्वाला नको, निखारे हवेत. वाकलेल्या जागेवर तेलाचा बोळा फिरवा, निखाऱ्यांपासून दहा-बारा सेमी वर धरून सतत फिरवत राहा. हात लावल्यावर चटका बसेल इतकी तापली की गुडघ्यावर किंवा खाच पाडलेल्या लाकडात धरून वाकाच्या उलट बाजूला, सरळच्या थोडं पलीकडे दाबा, आणि निवेपर्यंत तशीच धरून ठेवा. लोक चुकतात ते इथेच. गरम असताना सोडली की काडी मूळ वाकावर परत जाते. आधी पेरांमधले लांब वाक काढा, पेरांवरचे शेवटी, कारण पेर उशिरा तापतं आणि लवकर मोडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळ्यासमोर धरून बघा, थोडा वाक परत आलेला असतोच. सरळ झाल्यावर जवसाचं तेल दोन-तीन वेळा चोळा आणि डार्ट उभा टांगून ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलेला डार्ट पावसाळी हवेत कमानदार होतो.

प्रश्न : पिसं दोन की तीन? किती मोठी?

तीन लावलीत तर समान अंतरावर आणि काठीकडच्या बाजूला एकही नको. दोन असतील तर डाव्या-उजव्या बाजूंना आडवी बांधा. 15 सेमी लांब आणि दीड ते दोन सेमी उंच पुरेत. सगळी एकाच बाजूच्या पंखाची घ्या. खळगीपासून 6-7 सेमी जागा मोकळी सोडा. दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधा आणि पिसाच्या देठाची पुढची कड तासून दोऱ्याखाली पूर्ण लपवा.

पिसं मोठी करून वाईट डार्ट सुधारत नाही, त्याचा दोष फक्त झाकला जातो आणि अंतर कमी होतं. म्हणून पिसं लावण्याआधीच डार्ट दहा मीटरवरून मऊ लक्ष्यावर फेकून बघा. उघडी काडी जवळपास सरळ लागत असेल तर छोटी पिसं पुरतात. ऑस्ट्रेलियातले वूमेराने फेकायचे भाले तर बिनपिसांचेच असतात. लांब आणि पुढे जड असल्याने ते तसेही सरळ जातात.

प्रश्न : टोक दगडावर आपटून काडीच फुटते. उपाय?

पुढचा तुकडा वेगळा करा. 15 ते 25 सेमीचा कठीण लाकडाचा तुकडा, मागचे 5 सेमी निमुळते केलेले, काडीच्या पोकळ तोंडात घट्ट बसेल असा. चिकटवायचा नाही. काडीच्या तोंडाभोवती 3 सेमी दोरा गुंडाळायचा, कारण आपटल्यावर निमुळता तुकडा पाचरीसारखा आत घुसतो आणि तोंड फाडतो. आता फुटलंच तर तुकडा फुटेल, काडी वाचेल. मात्र सगळे तुकडे एकाच वजनाचे करा, नाहीतर वर सांगितलेला तोल दर वेळी बदलेल.

प्रश्न : सराव किती अंतरावरून करावा आणि आसपास किती जागा सोडावी?

आंतरराष्ट्रीय अचूकता स्पर्धेत पाच डार्ट 15 मीटरवरून आणि पाच 20 मीटरवरून फेकतात. सुरुवात 10 मीटरवरून करा. तिथे डार्ट एकमेकांजवळ लागू लागले की 15 वर जा. डार्ट ताशी 80-90 किलोमीटर वेगाने सहज जातो, तेव्हा लक्ष्याच्या मागे उंच मातीचा बांध हवा, आणि तो नसेल तर शंभर मीटर मोकळी जमीन. फेकणाऱ्याच्या मागे 3 मीटरमध्ये कोणी उभं राहायचं नाही, कारण डार्टचं शेपूट मागे डोळ्यांच्या उंचीला असतं. सगळ्यांचे डार्ट फेकून झाल्याशिवाय आणायला कोणीही जायचं नाही. प्रत्येक फेकीआधी डार्ट दोन्ही हातांनी हलका लववून कानाशी धरा. बारीक करकर ऐकू आली तर आत चीर आहे. असा डार्ट फेकताना तुटला तर मागचा तुकडा फेकणाऱ्याच्या मनगटात घुसू शकतो. तो दुरुस्त करू नका, कापून त्याचे पुढचे तुकडे करा.